विसरलेली वस्तू

"इथं बघण्यासारखं काय काय आहे?" मागच्या सीटवर बसता बसता त्या माणसाने विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता खिशातून ओल्या कागदी रुमालांचं पाकीट काढून तो सीट पुसायला लागला.

मिचिए आरशातून बघत राहिली. ती सीट तिने सकाळी सहा वाजता स्वतः पुसली होती. वरचं पांढरं कापडही आजच बदललं होतं. माणसाने सीट पुसली, दाराची मूठ पुसली, मग स्वतःची बोटं एकेक करून पुसली आणि तो मळका कागद दारातल्या खणात कोंबला. औषधी वास गाडीभर पसरला.

"देवस्थान आहे, बंदर आहे, भूशिरावर जुना दीपस्तंभ आहे," ती म्हणाली. "साहेब पहिल्यांदाच आलात का हामासेला?"

"हो. पहिल्यांदाच."

इतकं बोलून त्याने तोंडावरचा मास्क वर ओढला, टोपी खाली ओढली. पण कान राहिले बाहेर. मोठे, पुढे आलेले, वरच्या कडेला किंचित दुमडलेले कान. मिचिएने ते पाहिले आणि गाडीचा गिअर टाकता टाकता तिचा हात थांबला.

फोनवर या माणसाने आपलं नाव ओगावा सांगितलं होतं. दिवसभरासाठी टॅक्सी हवी, गाव निवांत बघायचंय, असं म्हणाला होता. पण हे कान ओगावाचे नव्हते. हे कान शिनोसानचे होते.

सेगावा शिनो. अकरा वर्षं, दर मंगळवारी आणि शुक्रवारी मिचिएने त्या म्हातारीला डोंगरातल्या वस्तीवरून दवाखान्यात नेलं आणि परत सोडलं होतं. नवरा इसामु गेल्यावर त्याचीच टॅक्सी मिचिएने चालवायला घेतली, तेव्हा बाईमाणसाच्या गाडीत बसायला गावातली म्हातारी माणसं कचरत होती. शिनोसान पहिल्याच दिवशी चढली, गुडघा दोन्ही हातांनी उचलून आत ठेवला आणि म्हणाली, "मिची-चान, सावकाश चालव. मला मरायची घाई नाही."

तिच्या घरातल्या देव्हाऱ्यात दोन फोटो होते. एक नवऱ्याचा, एक मुलाचा, हारुनोबुचा. जिवंत माणसाचा फोटो तिथं ठेवतात का, असं मिचिएने एकदा न राहवून विचारलं होतं. म्हातारी हसली. "एक येऊ शकत नाही, एक येत नाही. मला दोघं सारखेच."

आणि गेल्या फेब्रुवारीत एक दिवस ती नव्हतीच. शेजारणीने सांगितलं की शहराकडच्या कुठल्याशा वृद्धाश्रमाची गाडी आली होती, मुलाने व्यवस्था केली म्हणे. मुलगा आला नव्हता, दोन परकी माणसं आली होती. तेव्हापासून नऊ महिने मंगळवार आणि शुक्रवारची सकाळ मिचिएला मोकळी असे.

आता तो मुलगा तिच्या गाडीत बसला होता आणि पहिल्यांदाच आलो म्हणत होता. त्याच्या शेजारी एका नावाजलेल्या मिठाईच्या दुकानाची जाड कागदी पिशवी होती. कुणाकडे तरी खाऊ न्यायचा असेल, असं तिला वाटलं. विचारेल, तिने मनाशी म्हटलं. आई तुमच्या गाडीतून जायची का, असं काहीतरी विचारेलच. थोडा वेळ जाऊ दे.

देवस्थानाच्या पायऱ्यांशी त्याने फोटो काढले. दगडी सिंहांचे, कमानीचे, पायऱ्यांवर पडलेल्या पिवळ्या पानांचे. कठड्याला हात लागला तेव्हा पुन्हा बोटं पुसली. पिशवी मात्र बरोबर घेऊन गेला होता आणि बरोबरच घेऊन आला.

"शांत गाव आहे," तो म्हणाला. "अशा ठिकाणी मन कसं धुऊन निघतं."

"हो साहेब."

"जरा डोंगरातल्या वस्तीकडून जाऊ. इथून उजवीकडे."

उजवीकडचा रस्ता बांबूच्या मागे लपलेला आहे. परक्या माणसाला तो दिसत नाही. मिचिएने गाडी वळवली.

शिनोसानचं घर पाचवं. खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, अंगणात कमरेएवढं गवत. पर्सिमनचं झाड मात्र लगडलं होतं. तोडायला कुणी नव्हतं, त्यामुळे पिकून फुटलेली फळं फांद्यांवर लोंबत होती, खाली केशरी चिखल झाला होता, त्यात कावळे चोची बुडवत होते. काच खाली करताच आंबूस, दारूसारखा वास आत आला. माश्या आल्या.

"थांबवा, थांबवा जरा!" तो म्हणाला. त्याने काचेतून मोबाइल बाहेर काढला. "काय रंग आहे! अशी मोडकी घरं फोटोत किती सुंदर दिसतात."

मिचिएने आयुष्यात गिऱ्हाइकं पुष्कळ पाहिली होती. गाडीत ओकणारी, झिंगून अंगावर येणारी, दार आपटणारी. त्यांचा राग यायचा आणि जायचा. हे वेगळं होतं. माशाचा खवला जिभेला चिकटावा आणि काही केल्या निघू नये, तसं.

बंदरावर दोऱ्यांवर उडत्या माशांचे उभे चिरलेले तुकडे वाळत घातले होते. तो गाडीतून उतरला आणि त्याने मास्कवर हात दाबला.

"हा वास! आमच्या घरी दर महिन्याला यायचं हे पार्सल. बायको उघडायचीसुद्धा नाही. पिशवीत पिशवी, त्यात पिशवी, आणि सरळ कचऱ्यात."

"कोण पाठवायचं, साहेब?"

"ओळखीचं एक माणूस."

ती पार्सलं मिचिए पोस्टात घेऊन जायची. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी, दवाखान्यातून येताना. म्हातारी प्रत्येक मासा वेगळ्या कागदात गुंडाळायची, काटे टोचू नयेत म्हणून पर कापायची, आणि पोस्टातल्या माणसाला दर वेळी सांगायची, "वरची बाजू वर राहू दे हं." तिचं बोट एकदा सुरीने चांगलं खोल कापलं होतं. डॉक्टरने टाके घातले आणि दुपारी तेच पार्सल घेऊन ती पोस्टात उभी.

हारुनोबु धक्क्यावरून चालत निघाला. पिशवी हातात. धक्क्याच्या टोकाला, जिथे सिमेंटचे मोठे ठोकळे समुद्रात टाकले आहेत, तिथवर गेला. तिथे दोन म्हातारे गळ टाकून बसले होते. तो त्यांच्यापासून थोडा दूर उभा राहिला. पाण्याकडे वाकला, पुन्हा सरळ झाला. म्हाताऱ्यांपैकी एकाने मान वळवून पाहिलं. तो लगेच परत फिरला.

"त्या बाजूच्या खडकांवर कोणी जातं का?" गाडीत बसताना त्याने विचारलं.

"कशाला जाईल कुणी? काही नाही तिथे."

"नाही, सहज."

जेवायला त्याने खेकड्याची फर्माईश केली. नोव्हेंबर लागला होता, खेकडे नुकते सुरू झाले होते. मिचिएने मुद्दामच त्याला योशिमात्सुच्या खानावळीत नेलं. योशिमात्सु आणि हारुनोबु एका वर्गात होते, हे शिनोसाननेच तिला सांगितलेलं. ती स्वतः कोपऱ्यातल्या टेबलाशी नूडल्सचा वाडगा घेऊन बसली.

खेकडा खायचा म्हणजे मास्क काढावाच लागतो. योशिमात्सु दुसरी थाळी घेऊन आला आणि मध्येच थांबला.

"अरे! हारू? सेगावाचा हारू ना तू?"

हारुनोबु खेकड्याचा पाय चोखत होता. त्याने तो हळूच ताटलीत ठेवला.

"आपला काहीतरी गैरसमज होतोय."

"अरे कसला गैरसमज! बेसबॉल खेळताना माझ्या कपाळावर चेंडू मारलास तू. ही बघ खूण. शिनोकाकू कशा आहेत? तिकडे करमतंय का त्यांना?"

"माझं नाव ओगावा," तो म्हणाला. "मी या गावात कुणाला ओळखत नाही." आणि थोडं थांबून, शांतपणे, "अजून थोडं व्हिनेगर मिळेल का?"

योशिमात्सुने मिचिएकडे पाहिलं. मिचिएने मान खाली घातली. तो आत गेला, व्हिनेगर आणलं, टेबलावर ठेवलं. नंतर तो बाहेर आलाच नाही, बिल घ्यायला बायकोला पाठवलं.

हारुनोबुने पूर्ण खेकडा खाल्ला. काडीने सांध्यांतलं मांस कोरून कोरून काढलं, कवचातला हिरवट गर चमच्याने खरवडला. मिचिएसमोरचा वाडगा तसाच गार झाला. सगळ्यात जास्त किळस तिला स्वतःची आली. सकाळपासून ही हो साहेब, हो साहेब म्हणतेय. दार उघडून धरतेय. एकदा तोंड उघडून तुझी आई कुठे आहे म्हणायला हिची जीभ का उचलत नाही? बारा वर्षांची सवय, दुसरं काय. गिऱ्हाइकाने सांगितलं नाही ते विचारायचं नाही.

भूशिराकडे जाताना रस्ता दोनदा कोपरासारखा वळतो. दुसऱ्या वळणावर समोरून मासळीचा ट्रक आला. मिचिएने ब्रेक दाबला, आणि मागच्या सीटवरची पिशवी कलंडून खाली पडली.

"काय चालवता हो!" तो किंचाळला.

तिने आरशात पाहिलं. पिशवीच्या तोंडातून बाहेर आला होता तो मिठाईचा डबा नव्हता. पांढऱ्या जरीच्या कापडाचं गोल आवरण, वर रेशमी गाठ. इसामुच्या अस्थींचा कलश तिने अगदी तसल्याच आवरणात एकोणपन्नास दिवस घरात ठेवला होता. त्यात काय असतं, ते तिला ओळखायला वेळ लागला नाही.

त्याने घाईने ते पिशवीत कोंबलं. वरची गाठ दुमडली, तशीच दाबली.

गाडी रस्त्याच्या कडेला उभी होती. इंजिन चालू. मिचिएचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

म्हणजे शिनोसान गेली. केव्हा, कशाने, कुणाला माहीत नाही. हामासेत एकही माणूस तिच्यासाठी उदबत्ती लावू शकला नाही, कारण कुणाला कळवलंच नाही. आणि सकाळपासून ती या गाडीत होती. आपल्याच झाडाखालून गेली, आपल्या माशांच्या वासातून गेली, धक्क्याच्या टोकापर्यंत जाऊन आली. हा माणूस गाव बघायला आला नव्हता. आईला टाकायला जागा शोधत होता.

"लागलं का कुणाला?" तिने विचारलं.

"काय? नाही, नाही. दारूची बाटली आहे. भेट द्यायची आहे. फुटली नाही."

"बरं झालं."

तिने गाडी दीपस्तंभाकडे नेली नाही. मागे वळवली. तो पिशवी सावरण्यात गुंतला होता. दहा मिनिटांनी तिने गावच्या बौद्ध मंदिराच्या मागच्या फाटकाशी ब्रेक लावला. टेकडीच्या उतारावर समाध्यांच्या ओळी दिसत होत्या.

"हे नव्हतं सांगितलं मी."

"बघण्यासारखं आहे, साहेब. पाचव्या ओळीत एक जागा मोकळी आहे. खाली नुसती खडी. कुणीतरी घराण्याची समाधी उखडून नेली तिथली. आतल्या जुन्या अस्थी कुठल्या तरी मोठ्या सामाईक खड्ड्यात गेल्या म्हणे. चार वर्षं झाली."

त्याने टोपी आणखी खाली ओढली.

चार वर्षांपूर्वीचा तो ऑगस्ट मिचिएला स्वच्छ आठवत होता. पितरांचे दिवस. शिनोसान फुलं, पाण्याची बादली, घासायचा ब्रश घेऊन निघाली होती. नवऱ्याचा दगड घासायचा म्हणून. मिचिएने तिला हाताला धरून पायऱ्या चढवल्या. पाचव्या ओळीत पोचल्यावर म्हातारी थांबली. खडीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हारूला लांबून देखभाल जमत नसेल." बस, एवढंच. दोन ओळी खाली इसामुचा दगड होता. शिनोसान तिथपर्यंत चालत गेली, वाकली, आणला होता तो सगळा गुच्छ तिने तिथे ठेवला. "इसामुसान, आज तुम्हीच घ्या." आणि बादलीतलं पाणी फुकट कशाला घालवायचं म्हणून तिने परक्याचा दगड लख्ख घासून दिला.

त्यानंतरच्या शुक्रवारीही पोस्टात पार्सल गेलं.

"गाडी स्टेशनवर घ्या," हारुनोबु म्हणाला.

"दीपस्तंभ राहिला, साहेब."

"राहू दे. चार वीसची गाडी मिळेल मला."

रेल्वेचं फाटक बंद होतं तिथे गाडी थांबली, तेव्हा तो अचानक, खिडकीकडे तोंड करून बोलायला लागला.

"कधी एक शब्द बोलली नाही ती. शिव्या दिल्या असत्या, रडली असती, तर मी आलो असतो. मासे पाठवत राहिली नुसती. उघडायची भीती वाटायची मला त्या खोक्याची. कळतं का तुम्हाला?"

"कोण, साहेब?"

मालगाडी समोरून गेली. एकेक डबा मोजता यावा इतकी सावकाश. फाटक वर गेलं.

"कोणी नाही," तो म्हणाला.

एका क्षणासाठी मिचिएला वाटलं होतं की आता हा तोंड उघडेल. आई म्हणेल. तो शब्द नुसता म्हणाला असता तरी तिने गाडी परत वळवली असती, मंदिरातल्या भिक्खूंना हाक मारली असती, काहीतरी मार्ग काढला असता. पण तो परत ओला कागद काढून बोटं पुसायला लागला होता. करंगळीच्या नखापाशी काही चिकटलं होतं, ते घासत होता.

स्टेशनवर तो झटकन उतरला. पैसे दिले, दोनदा वाकला, वळला. मिचिए गाडी लावून सवयीप्रमाणे मागची सीट बघायला वळली, तर पुढच्या सीटच्या खाली, आत ढकललेली कागदी पिशवी.

विसरली नव्हती. विसरलेली वस्तू सीटवर राहते. ही पायाने आत सरकवलेली होती. कागदावर बुटाचा ठसा उमटला होता.

ती पिशवी उचलून धावली. हामासेच्या स्टेशनावर तिकीट तपासायला कुणी नसतं. ती थेट फलाटावर गेली. दोन डब्यांची गाडी उभी होती, दारं नुकतीच बंद झाली होती. तो खिडकीशी बसला होता.

"साहेब!" ती ओरडली. पिशवी दोन्ही हातांनी वर धरली. "साहेब, तुमचं राहिलं!"

त्याने पाहिलं. नक्की पाहिलं. गाडीने धक्का घेतला. तो जागेवरून उठला, काचेमागे सरळ उभा राहिला, दोन्ही हात मांड्यांशी नेले आणि कमरेत खोल वाकला. टोपी खाली पडली. गाडी फलाट सोडून जाईपर्यंत तो तसाच वाकलेला होता.

मिचिएने पिशवी छातीशी धरली आणि रुळांवर थुंकली. उभ्या जन्मात ती चारचौघांत थुंकली नव्हती.

पोलीस चौकी स्टेशनच्या समोरच आहे. हवालदार होन्जो निवृत्तीला आलेला माणूस. त्याने चष्मा लावून पिशवीत डोकावून पाहिलं आणि खुर्चीवरून उठून उभा राहिला.

"टॅक्सीत?"

"सीटखाली."

त्याने कलश बाहेर काढला, टेबलावर ठेवला. आवरणाची गाठ सैल करून आत पाहिलं. कलशाच्या अंगावर जिथे नावाची चिठ्ठी असते तिथे फक्त गोंदाचा चौकोन होता. चिठ्ठी नखाने खरवडून काढलेली. दहनाचा दाखला नव्हता.

"असल्या प्रकरणांबद्दल ऐकलंय मी, शहरातल्या रेल्वेत," होन्जो म्हणाला. "आपल्याकडे पहिलंच. गिऱ्हाईक कोण होतं?"

मिचिएने तोंड उघडलं. सेगावा हारुनोबु, योकोहामा, पार्सलांवरचा तो पत्ता. एवढं सांगितलं की फोन जाईल. त्याला बोलावतील, सही घेतील, कलश हातात देतील. आणि तो कलश घेऊन दुसऱ्या कुठल्या तरी गाडीत बसेल. दुसऱ्या कुठल्या तरी सीटखाली.

"ओगावा," ती म्हणाली. "फोनवर तेच नाव दिलं होतं."

"बाकी काही?"

"पहिल्यांदाच आलोय म्हणाले. इथं कुणाला ओळखत नाही म्हणाले."

होन्जोने ते शब्दशः लिहून घेतलं. मग सापडलेल्या वस्तूचा फॉर्म तिच्यासमोर सरकवला. तारीख, वेळ, ठिकाण. वस्तूचं वर्णन. तिथे तिने 'अस्थी' लिहिलं. नग, असं पुढे छापलेलं होतं. तो रकाना तिने कोरा सोडला. होन्जोने टेबलावरचा चहाचा पेला आणि अर्धवट खाल्लेलं बिस्किट उचलून मागच्या खिडकीत ठेवलं.

"शेवटी एक प्रश्न आहे," तो म्हणाला. "तीन महिन्यांत मालक आला नाही तर वस्तू तुम्हाला हवी आहे का? अस्थींना हे लागू होतं की नाही, मला खरंच ठाऊक नाही. वर विचारावं लागेल. बहुतेक लोक 'नको'ला गोल करतात. छत्र्याच असतात ना जास्त करून."

मिचिएने पेन घेतलं. आधी मनगट टेबलावर टेकवलं. मग 'हवी आहे' या शब्दांभोवती गोल काढला. सुरुवात आणि शेवट नीट जुळले नाहीत, म्हणून त्यावरून तिने पुन्हा एकदा, सावकाश, पेन फिरवलं.